दारातले अठरा शिक्के

सोमवार, ता. ४
क्लबचं ऑफिस, सकाळी साडेनऊ

चि. ठकूस,

आशीर्वाद चालत असतील तर अनेक आशीर्वाद. चालत नसतील तर ते बाजूला ठेव आणि बाकीचं वाच.

तुझा वाढदिवस नाही, नवीन वर्ष नाही, मग म्हाताऱ्याला मध्येच कसला उमाळा आला, असं पाकीट बघून वाटलं असेल. वर्षाला दोन पत्रांचा माझा रतीब तुला ठाऊक आहे. हे तिसरं, वरकड. काही विशेष नाही. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, साखर आटोक्यात आहे, आणि पिण्याचा तो विषय नऊ वर्षं चार महिने बंद आहे. तुझं चष्म्याचं दुकान नीट चालत असेल. तू लोकांचे डोळे तपासतेस हे कुणी सांगितलं की मला उगीचच ताठ बसावंसं वाटतं.

मी इथे नक्की करतो काय, हे इतक्या वर्षांत तुला धड लिहिलं नाही. लिफ्ट दुरुस्तीचं काम सुटल्यावर या क्लबने मला दाराशी बसवलं. क्लब म्हणजे दोन मजली इमारत. खाली ऑफिस, चहाची खोली, टेबल टेनिसची खोली. वर एक मोठा हॉल. दारू सुटलेल्या काही लोकांनी तीस वर्षांपूर्वी ती चालवायला घेतली, कारण संध्याकाळी जायला जागा नसली की पाय आपोआप जुन्या जागेकडे वळतात. क्लबला कमिटी आहे, अध्यक्ष आहेत, किल्ल्यांचा जुडगा आहे (तो माझ्या कमरेला) आणि भिंतीवर सत्तावीस नियम आहेत. त्यातले अकरा चहाच्या किटलीबद्दल आहेत.

गट वेगळा. बाहेरच्यांना हे कळत नाही म्हणून सांगतो. रोज सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला जे लोक वरच्या हॉलमध्ये गोल करून बसतात आणि तासभर आपापलं मन मोकळं करतात, तो गट. त्याला इमारत नाही, अध्यक्ष नाही, यादी नाही. आज आमच्या हॉलमध्ये बसतात, उद्या आमच्याशी बिनसलं तर दुसऱ्या कुणाच्या बसतील. कोण आलं, कोण नाही, याची नोंद ते ठेवत नाहीत आणि आत ऐकलेलं बाहेर नेत नाहीत. क्लबने खोली द्यायची, आत नाक खुपसायचं नाही. गटाने खोली वापरायची, क्लबच्या कारभारात तोंड घालायचं नाही. मी मात्र दोन्हीकडचा. सकाळी दाराशी असतो तेव्हा क्लबचा, संध्याकाळी वर जाऊन खुर्चीत बसलो की गटाचा. तुझी आई असती तर म्हणाली असती, एका घरचा धड झाला नाही आणि आता दोन घरं करून बसलाय.

काही जण स्वतःहून येत नाहीत. कुणाला कचेरीतून पाठवतात, कुणाला कोर्टातून, कुणाला समुपदेशकबाईंकडून. त्यांच्याकडे हजेरीचं कार्ड असतं. गटाने त्या कार्डांना हात लावायला साफ नकार दिला. आम्ही कुणाचे साक्षीदार नाही, म्हणाले. मग ती माणसं कार्ड घेऊन जिन्यात ताटकळायची. शेवटी क्लबच्या कमिटीने तोडगा काढला की दाराशीच क्लबचा शिक्का मारून द्यायचा. गोल शिक्का आहे, मधली तारीख रोज फिरवायची. तो मी मारतो.

इथे पूर्ण नावं चालत नाहीत, त्यामुळे टोपणनावं पडतात. बेकरीवाला, जनावरांचे डॉक्टर, झोपाळू, टायवाला. टायवाला दवाखान्यांना मशिनं विकतो. कडक इस्त्री, टाय, बुटात तोंड बघावं. बोलायला गोड आहे. बरं, ते जाऊ दे.

येत्या रविवारी ऑफिसात एक लहान पाहुणा यायचा आहे, म्हणून मी आणि मावशींनी मिळून सगळं धुऊन काढलं. मावशी म्हणजे आमच्या सफाईच्या बाई. हे पत्र त्याच तुझ्या दुकानात आणून देतील, त्यांच्या वाटेवरच आहे. जिन्याच्या कठड्याचा एक खिळा वर आला होता, तो ठोकून टाकला. बिस्किटांचा नवा डबा आणला. मुलांना कुठली आवडतात कोण जाणे.

अक्षर सांभाळून घे.  प्यायलेलो नाही.

शुक्रवारी हवा बिघडणार म्हणतात. या दिवसांत घाटात धुकं असतं, चार हातांवरचं दिसत नाही. अशात लहान मुलांना घेऊन लोक गाडीने कशाला जातात कळत नाही. तू काही जाणार नाहीस म्हणा. सहज आपलं लिहिलं.

तुझा,
बाबा
(हा शब्द वापरला, राग मानू नकोस.)


बुधवार, ता. ६
दुपारी

चि. ठकूस,

मावशींनी सांगितलं की तू पाकीट घेतलंस, उलटंसुलटं करून बघितलंस आणि काउंटरखालच्या खणात टाकलंस. उघडलं नाहीस. ठीक आहे. तू माझी पत्रं उघडत नाहीस पण फेकतही नाहीस, घरी बुटांच्या खोक्यात ठेवतेस, हे मला माहीत आहे. कसं माहीत, तेच आज सांगायचं आहे. या पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘उघड’ असं लिहितो आहे. हे तरी उघड.

टायवाला म्हणजे तुझा नवरा.

मी त्याला याआधी कधी पाहिलं नव्हतं. लग्नाला तू मला बोलावलं नव्हतंस, आणि बरंच केलंस. तुम्ही वेगळे झालात हेही मला त्याच्याकडूनच कळलं. पाच महिन्यांपूर्वी तो तुमच्या प्रकरणातल्या समुपदेशकबाईंचं कार्ड घेऊन दाराशी आला. दुसऱ्या खेपेला कार्ड पुढे करताना म्हणाला, “तुम्ही ठकूचे वडील ना? पत्रांवर हाच पत्ता असतो.” माझ्या हातातला शिक्का हातातच राहिला. मग तो बुटांच्या खोक्याचं बोलला. त्या एका वाक्यावर मी आठवडाभर तरंगत होतो, ठकू. किटलीवरून कमिटीत भांडण झालं त्यातही मी कुणाला उलट बोललो नाही.

तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. पण गटाशी संबंध असलेल्या माणसाचं बाहेर बोलायचं नाही, हा आमचा पहिला धडा. मी स्वतःला तेच बजावत राहिलो. नियम पाळतोय म्हटलं की माणसाला झोप चांगली लागते.

आता मला झोप लागत नाही. मला भीती वाटते आहे आणि कशाची ते सरळच लिहितो. परवा, शुक्रवारी, शाळा सुटली की तो भिंगरीला तिथूनच घेऊन जाणार आहे. (तो लेकीला भिंगरी म्हणतो. तूही म्हणतेस का?) तीन दिवस, डोंगरातलं विश्रामगृह, चार तासांचा रस्ता, गाडी तो स्वतः चालवणार. हे तुला माहीत आहे, तुझी सही आहे त्यावर. आजवर रविवारी दोन तास बागेत भेट व्हायची, तीही तू समोर बसलेली असताना. आता बाईंनी एवढी मोकळीक दिली ती अठरा शिक्क्यांचं कार्ड बघून. तुलाही त्यांनी ते दाखवलं असेल. ते अठराही शिक्के माझे आहेत, आणि त्यांतल्या एकाही दिवशी तो जिना चढून वर गेलेला नाही.

दर खेपेला तेच. पावणेअकराला यायचा, कार्ड पुढे करायचा, मी शिक्का मारायचा. लोक वर जायचे आणि तो टेबल टेनिसच्या खोलीत जाऊन फोन बघत बसायचा. एकदा विचारलं, “वर जात नाही का?” तर हसून म्हणाला, “बाबा, रडणारी माणसं बघितली की मला शिंका येतात.” पंधरा मिनिटांनी मागच्या पार्किंगच्या दाराने निघून जायचा. माझ्या खुर्चीवरून ते दार समोर दिसतं.

काल अध्यक्षांकडे गेलो. अध्यक्ष म्हणजे जनावरांचे डॉक्टर. दवाखान्यात एका कुत्र्याच्या कानात औषध घालत होते. म्हटलं, “डॉक्टर, समजा एखादा माणूस शिक्का घेतो आणि वर जात नाही. तर?”

“तर काय? तो दारातून आत आला, एवढंच आपण म्हणतो. ठराव बघ.”

“ज्यांनी पाठवलं त्यांना तसं वाटत नाही. त्यांना वाटतं तो मीटिंगला बसला.”

“मग ते गटाने सांगावं त्यांना. आपण वर जाऊन डोकी मोजायला लागलो तर गट उद्याच दुसरी जागा बघेल. तीस वर्षं टिकलं ते दोघं एकमेकांच्या वाटेला गेले नाहीत म्हणून. याचा कान धर जरा.”

मी कुत्र्याचा कान धरला. कुत्रं बिचारं माझ्याहून धीराचं होतं.

संध्याकाळी मीटिंग संपल्यावर झोपाळूला गाठलं. या महिन्यात मीटिंग चालवायचं काम तिच्याकडे आहे. नाव झोपाळू, पण बोलते जागी. “आम्ही हजेरी ठेवत नाही, काका. तुम्हाला माहितीये. कार्ड घ्यायचं क्लबने ठरवलं, शिक्का क्लबचा, तो क्लबने निस्तरावा. आम्ही तेव्हाच नको म्हणालो होतो.” तिचंही चूक नव्हतं. दोघांनी मला टेबल टेनिसच्या चेंडूसारखं इकडून तिकडे टोलवलं, आणि दोघंही नियमाला धरून होते. तसं पाहिलं तर दोघांनाही मी खरं काय ते सांगितलंच नव्हतं. ‘समजा एखादा’ म्हणून विचारलं होतं.

आज सकाळी त्याला फोन केला. म्हटलं, ही सहल पुढे ढकल, आधी चार वेळा तरी वर जाऊन बस. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाला, “बाबा, अठरा शिक्के तुमच्या हातचे आहेत. आता ते खोटे म्हणालात तर खोटं कोण ठरेल?” आणि मग अगदी प्रेमाने, “रविवारचं लक्षात आहे ना?”

रविवारचं काय ते पुढे कधीतरी लिहीन.

तू सही मागे घेऊ शकतेस. परवा तिला शाळेत पाठवू नकोस, एवढंच कर. पत्र उघडलंस तर मावशींपाशी नुसतं ‘हो’ म्हण. त्या उद्या सकाळी मला सांगतील.

बाबा


गुरुवार, ता. ७
दुपारचे तीन

चि. ठकू,

आज पाकीट नाही. कालचंही तू त्याच खणात टाकलंस. मावशी म्हणाल्या, ‘उघड’ हा शब्द वाचून तू तोंड फिरवलंस. मला नवल वाटलं नाही. उघड, ऐक, एकदाच माफ कर, हे माझे शब्द तुझ्या आईने आणि तू इतक्यांदा ऐकलेत की त्यांचा चोथा झालाय. म्हणून हे कागद उघडेच देतो आहे. मावशींना सांगितलंय की तू हात पुढे केला नाहीस तर काउंटरसमोर उभं राहायचं आणि मोठ्याने वाचायला लागायचं, गिऱ्हाईक असलं तरी. त्या म्हणाल्या, “मला चष्म्याशिवाय दिसत नाही.” म्हटलं, मग बरोबर दुकानात जाताय.

कालच्या पत्रातलं थोडक्यात सांगतो. क्लबच्या दारात कार्डावर शिक्का मारणारा माणूस मी. तुझ्या नवऱ्याच्या कार्डावरचे अठरा शिक्के माझे. तो एकदाही मीटिंगला बसला नाही. हे तुला काल लिहिलं. दोन गोष्टी लिहिल्या नाहीत.

पहिली. गेल्या गुरुवारी, अठराव्या शिक्क्याच्या दिवशी, तो पिऊन आला होता.

झोकांड्या नव्हत्या. अडखळत बोलणं नव्हतं. पेपरमिंटचा वास होता आणि त्याच्याखाली दुसरा. कार्ड त्याने टेबलावर ठेवलं आणि टेबलाच्या कडेला समांतर असं बोटांनी सरळ केलं. मग पेन उचललं, तेही कार्डाला समांतर ठेवलं. असं वस्तू सरळ करत राहणारं माणूस मी ओळखतो, ठकू. मी वीस वर्षं तसा होतो. सकाळचे पावणेअकरा वाजले होते आणि तो गाडी चालवत आला होता, चालवतच जाणार होता. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं, तारीख फिरवली आणि शिक्का मारला.

दुसरी गोष्ट म्हणजे का मारला.

तो दर खेपेला मला भिंगरीची एक बातमी आणायचा. तिचा पुढचा दात पडला. ती दुधाला नाक मुरडते. सायकलवरून पडली आणि सायकललाच ओरडली. कुत्र्याला घाबरते पण मांजरावर दादागिरी करते. फोनवर फोटो दाखवायचा. कान माझ्यावर गेलेत तिचे, वाईट झालं. हा सौदा आहे असं आम्ही दोघांनी कधी तोंडाने म्हटलं नाही. पण शिक्का आधी आणि बातमी नंतर, हा क्रम कधी चुकला नाही. सात वर्षांची माझी नात, आणि मला तिच्याबद्दल अठरा गोष्टी माहीत आहेत. त्या गुरुवारी मी शिक्का हातात धरून थांबलो तेव्हा तो म्हणाला, “बाबा, रविवारी परत येताना तिला दहा मिनिटं इथे घेऊन येतो. तुम्ही भेटा तिला. ठकूला कळायची गरज नाही.”

यासाठी ऑफिस धुतलं. यासाठी बिस्किटं आणली. सोमवारचं पत्र तुला लिहायला घेतलं तेव्हा मला तुला सावधही करायचं होतं आणि रविवारही हातचा सोडायचा नव्हता, म्हणून धुक्याचं काहीतरी लिहून मोकळा झालो.

काल दुपारी बेकरीवाल्याकडे गेलो. आमच्यात प्रत्येकाने एक जुना माणूस धरायचा असतो, अडलं तर त्याच्याकडे जायचं. माझा तो. वयाने माझ्याहून पंधरा वर्षं लहान, तोंडाने बाप. कणीक मळत होता. त्याला ‘समजा एखादा’ म्हटलं नाही, नावगाव सांगितलं. शेवटी म्हटलं, “पण गटाचं बाहेर कसं बोलू?”

त्याने हात थांबवला. “तो वर आला होता?”

“नाही.”

“एकदा तरी? गोलात बसला? बोलला काही?”

“नाही.”

“मग गटाचं यात आहे काय? तू कुणाचं गुपित राखतोयस? जे बघितलंस ते क्लबच्या दारात बघितलंस, क्लबचा माणूस म्हणून. उघड्या डोळ्यांनी. आमच्या नावामागे लपू नकोस.”

मी टेबलावर सांडलेलं पीठ बोटाने गोळा करत राहिलो.

“आणि हे तुला आत्ता कळलं असं मला सांगू नकोस,” म्हणाला, आणि परत मळायला लागला. थोड्या वेळाने मान वर न करता विचारलं, “तू प्यायलास का?” मी नाही म्हटलं. खरं आहे ते. पण येताना त्या दुकानाच्या बाजूने आलो, आणि पुढे जाऊन परत मागे वळलो, आणि काचेसमोर उभा राहिलो. हेही तुला कळलेलं बरं. मग घाबरून जवळजवळ पळतच क्लबला आलो. या गुडघ्यांनी.

आज सकाळी समुपदेशकबाईंच्या कचेरीत गेलो. बाई सोमवारपर्यंत रजेवर. कारकून म्हणाला, लेखी द्या. मी सगळं लिहून दिलं, अठरा तारखा, शेवटच्या दिवसाचा वास, माझं पूर्ण नाव आणि सही. त्याने अर्जावर ‘मिळाला’ म्हणून शिक्का मारला आणि ट्रेमध्ये टाकला. वाचणार कधी, विचारलं. म्हणाला, माझं काम घ्यायचं. पोलिसांतही जाऊन आलो. ते म्हणाले, बापाला परवानगी आहे, आईने सही केली आहे, आणि आठवड्यापूर्वीच्या वासावर आम्ही काय करायचं. आईला येऊ दे, म्हणाले. म्हणजे फिरून सगळं तुझ्यापाशी येतं.

क्लबच्या अध्यक्षांनाही आता खरं सांगितलंय. किल्ल्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी त्या उचललेल्या नाहीत, पण परतही दिल्या नाहीत.

तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. भिंगरीवर त्याचा जीव आहे, बोलताना दिसतो. तिच्या दाताचं सांगताना त्याचा आवाज बदलायचा. माझाही तुझ्यावर होता. त्यानेच तर सगळे फसतात.

त्या दिवसाबद्दल मी तुला कधी लिहिलं नाही. नऊ वर्षांत अठरा पत्रं लिहिली आणि एकातही नाही. तू आठ वर्षांची होतीस. मी तुला कामाच्या जागी घेऊन गेलो होतो, नव्या इमारतीची लिफ्ट दाखवायला. तू दोनदा वर-खाली केलंस आणि टाळ्या वाजवल्यास. मी मोटाररूममध्ये जाऊन प्यायलो, दोनदा. मग तुला पुढच्या सीटवर बसवलं. त्या दिवशी मी अगदी व्यवस्थित दिसत होतो, ठकू. शर्ट आत खोचलेला, भांग पाडलेला. फाटकावर वॉचमन होता. तो खिडकीशी वाकला, माझा वास त्याला आला, मला त्याच्या डोळ्यांत दिसलं की आला. त्याने तुझ्याकडे बघितलं. मग फाटक उघडून दिलं. तुझं मनगट तीन ठिकाणी मोडलं, आणि तुझ्या आईने त्यानंतर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. मी कित्येक वर्षं त्या वॉचमनला शिव्या दिल्या. स्वतःला द्यायच्या त्याला दिल्या. गेल्या गुरुवारी मी त्याच्या जागी बसलो होतो, आणि फाटक उघडून दिलं.

माफी मागत नाही. त्यासाठी हे पत्र नाही. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस, ही पत्रं खोक्यासकट जाळ, पण उद्या त्याला तिला नेऊ देऊ नकोस.

उद्या साडेबाराला शाळा सुटते. शाळेचा पत्ता मी त्याच्याकडूनच काढून घेतला होता, कशासाठी ते आता विचारू नकोस. मी अकरापासून फाटकाशी उभा असेन. तू आलीस तर मी रस्ता ओलांडून निघून जाईन, मागे वळून तिच्याकडे बघणारही नाही, शब्द देतो. माझ्या शब्दाची किंमत तुला माहीत आहे, तरी देतो. तू आली नाहीस तर ती गाडीत बसायच्या आत मी त्याच्या बॉनेटवर हात टेकून उभा राहीन. आरडाओरडा करीन. मास्तर येतील, माणसं जमतील, कुणीतरी पोलिसांना बोलावेल, आणि त्या वेळी त्याच्या तोंडाला वास असेल तर सगळ्यांना येईल. नसेल तर मला धरून नेतील. दोन्हीला माझी तयारी आहे. पण मला फार भीती वाटते आहे, ठकू. त्याची नाही. ती मला ओळखत नाही. तिला एवढंच दिसेल की एक अनोळखी म्हातारा किंचाळत तिच्या बापाच्या अंगावर जातो आहे. ती घाबरेल, कुणाच्या तरी मागे लपेल. माझ्या नातीने मला पहिल्यांदा पाहायचं ते असं, आणि मग आयुष्यभर तेच. चालेल. मी ते करीन. पण तू आलीस तर करावं लागणार नाही. ये.

उद्या शाळेच्या फाटकाशी असलेला,
तुझा बाप